निळा घुमट आला की उजवीकडे

कल्लिओपी हेलिपॅडवर पोहोचली तेव्हा तिच्या हातात द्राक्षांची परात होती आणि भांडणाची सगळी वाक्यं रस्ताभर पाठ करून झाली होती. पहिलंच वाक्य इतकं जहाल होतं की ते ऐकून पायलटनं हेलिकॉप्टर विकून शेळ्या घ्याव्यात. पण पंखा थांबला, पायलट खाली उतरला, कानावरचे हेडफोन मानेवर ओढून तिच्याकडे बघून हसला — आणि ती ते वाक्य विसरली.

तो फार देखणा होता अशातला भाग नाही. नाक चांगलं मोठं होतं आणि केस हेडफोननं दोन्ही बाजूंनी चेपलेले. पण कल्लिओपी रागावली की तिचं गाव बाजूला सरकायचं. रागावलेल्या कल्लिओपीकडे बघून हसणारा माणूस तिनं सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता.

“हे खा,” ती म्हणाली.

“मी?”

“मग काय, तुमच्या हेलिकॉप्टरला भरवू?”

त्यानं परातीतलं एक द्राक्ष उचललं आणि तोंडात टाकलं. दाताखाली कचकन आवाज आला. तो दोनदा चावला, थांबला, आणि सभ्य माणसासारखा गिळून मोकळा झाला.

“गोड आहे. पण जरा... कचकच लागते.”

“गोडी आमची. कचकच तुमची.”

मग तिनं सांगितलं. मेगालोखोरी गावाच्या वरच्या अंगाला तिच्या आत्याचं अंगण आहे. ऑगस्टात तोडलेली असिर्तिको जातीची द्राक्षं तिथे उन्हात पसरलेली असतात. बारा-चौदा दिवस ती रोज हातानं उलटायची, सुकली की त्यांचा रस काढायचा, आणि त्याची विन्सांतो, म्हणजे गोड वाइन, करायची. पस्तीस वर्षं आत्यानं त्या अंगणात दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. यंदा पहिल्यांदा तिनं ते काम भाचीवर सोडलं, आणि नेमकं यंदाच ही हेलिकॉप्टरं दिवसातून आठ वेळा डोक्यावरून खाली येतात आणि ज्वालामुखीची सगळी राख उडवून द्राक्षांवर बसवतात.

“तिथेच का वळता? आकाश कमी पडलं का?”

पायलटनं खिशातून एक घडीचा कागद काढून तिच्यापुढे धरला. सफरीचा मार्ग. बोटानं एक ओळ दाखवली: निळा घुमट आला की उजवीकडे.

“तो घुमट आमच्या घरच्या चॅपेलचा आहे,” ती म्हणाली. “माझ्या पणजोबांनी बांधलेला.”

“फार छान बांधलाय. पाहुण्यांना त्याचाच फोटो हवा असतो, म्हणून खाली यावं लागतं.” मग जरा ओशाळून, “मी अनेस्तिस. सेरेसचा. उत्तरेकडचा आहे, मला या बेटावरचं काही कळत नाही. वरून मला वाटलं, कुणीतरी खराब द्राक्षं फेकून दिलीत.”

कल्लिओपीनं परात कमरेला लावली आणि एक अक्षर न बोलता निघाली. राग फारच वाढला की ती बोलत नसे, काहीतरी करत असे. तेच तर तिचं दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केलं ते असं. शिडी लावली, चुन्याची बादली वर नेली आणि पणजोबांचा निळा घुमट पांढरा करून टाकला.

“देवानं तुला तोंड दिलंय,” आर्गिरो आत्या खालून ओरडली, “आणि तू उठसूट ब्रश कशाला उचलतेस गं?”

“बोलून झालं काल.”

“बोललीस, की परात दाखवून परत आलीस?”

कल्लिओपीनं दुसरा हात मारायला घेतला. घुमटच नाही तर वळतील कुठे? हिशेब साधा होता. चुना वाळेपर्यंत तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

अकरा वाजता पहिलं हेलिकॉप्टर आलं. ते वळलं नाही. घुमट शोधत जरा पुढे गेलं, परत आलं, आणखी खाली आलं, आणि चॅपेलभोवती एक पूर्ण घिरटी घातली. आतल्या पाहुण्यांना माहितीपत्रकातला निळा घुमट हवा होता आणि तो सापडल्याशिवाय पायलट काही हलणार नव्हता. दुसरं आलं, त्यानं दोन घिरट्या घातल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अंगणात राखेचा लोट उठला आणि कल्लिओपी घरातल्या सगळ्या चादरी घेऊन धावली.

तिसरी चादर वाऱ्यानं उलटी होऊन तिच्याच डोक्यावर आली. ती आतल्या आत धडपडत असताना कुणीतरी चादरीचं दुसरं टोक पकडलं, ताणलं आणि त्यावर दगड ठेवला. चादर खाली आली तर समोर अनेस्तिस. त्याची स्कूटर रस्त्यात आडवी पडली होती, इतक्या घाईत तो उतरला होता.

“माझी सकाळची सुट्टी होती,” तो धापा टाकत म्हणाला. “रेडिओवर ऐकलं, घुमट हरवलाय. कुणी चोरला, काही कल्पना?”

“आमचा घुमट आहे. हवा तो रंग लावू.”

“तुमच्या भुवईलाही तोच लावलाय.”

तिनं भुवई पुसली, तर हाताचा चुना गालाला लागला. तो हसला नाही. हसू दाबताना त्याचं मोठं नाक लाल झालं तेवढंच, आणि उरलेल्या चारही चादरी त्यानं तिच्याबरोबर अंथरल्या.

“खालून तुम्हाला कळायचं नाही,” शेवटचा दगड ठेवत तो म्हणाला. “वळायला काहीतरी खूण लागते. एक खूण पुसली तर दुसरी द्यायला हवी. एकदा वरून बघा ना. उद्या नऊची एका नव्या जोडप्याची खासगी सफर रद्द झालीय. नवरा मुलगा हेलिकॉप्टर जवळून बघूनच पांढरा पडला. तुमच्या घुमटासारखा.”

“खासगी सफर? मी? आमच्या गावात कुणी ऐकलं तर वर्षभर हसतील.”

“मग कुणाला सांगू नका. भाडं म्हणून एक द्राक्ष द्या, धुतलेलं.”

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ती हेलिपॅडवर होती. आत्याला तिनं खत आणायला जाते म्हणून सांगितलं होतं. आत्यानं फक्त एवढंच विचारलं की खत आणायला चांगला निळा फ्रॉक कशाला.

आधी वजनकाटा. नियमच होता, कुणाला कुठल्या सीटवर बसवायचं ते वजनावर ठरतं.

“बूट काढू?”

“नको. आणि मी आकडा बघणार नाही.”

“मग उपयोग काय?”

“बरं, बघतो आणि विसरतो.” त्यानं पाहिलं, कागदावर लिहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “विसरलो. तुम्ही पुढे, माझ्या शेजारी.”

“हे वजनावरून ठरलं?”

“हे... नाही. हे मी ठरवलं.”

जमीन सुटली तेव्हा कल्लिओपीनं सीटची कड घट्ट धरली. मग कडा संपला, एकाएकी खाली समुद्र आला, आणि ती धरायचं विसरली. अनेस्तिसचा आवाज हेडफोनमधून थेट तिच्या कानात येत होता, अगदी शेजारी कुजबुजल्यासारखा. सवयीनं त्यानं पाहुण्यांची टेप सुरू केली होती — “डावीकडे ज्वालामुखी, शेवटचा उद्रेक...”

“ज्वालामुखीचं मला सांगू नका. जन्मभर त्याची राख झाडतेय.”

“मग तुम्ही सांगा. ते काय आहे? आल्यापासून विचारायचं होतं. ती सगळी घरटी.”

तिनं वाकून पाहिलं. काळ्या-करड्या मातीवर ओळीनं हिरवी गोल वेटोळी होती, हजारो.

“घरटी?” ती इतक्या जोरात हसली की त्याला हेडफोन कानापासून दूर करावा लागला. “अहो, ते आमचे वेल! वारा इथे वेल उभा राहू देत नाही. म्हणून जमिनीवरच टोपलीसारखा गोल विणतात, आणि द्राक्षं आत पोटात धरतात. ती पलीकडची ओळ माझी. अकराव्या वर्षापासून विणतेय.”

“आमच्याकडे वेल तारांवर चढवतात, माणसाएवढे,” तो म्हणाला. हेलिकॉप्टर त्या ओळीवरून जरा जास्तच सावकाश गेलं. पण उंचावरून, राख उडणार नाही इतक्या.

तिला आपलं अंगण दिसलं. मध्ये द्राक्षांचा सोनेरी चौकोन आणि त्याच्या एका कोपऱ्यावर राखेचा करडा डाग. एवढंसं होतं ते वरून. खाली तेच तिचं सगळं जग होतं, आणि तिला एकदम भरून आलं. तिनं तसं सांगितलं मात्र नाही. “डोळ्यात धूळ गेली,” म्हणाली. हजार फुटांवर, बंद काचेआड.

अनेस्तिसनं खिशातला रुमाल पुढे केला आणि समोर बघत राहिला.

दक्षिणेच्या टोकाला, दीपगृहाच्या अलीकडे, ती एकदम ओरडली, “तो बघा!” कड्याच्या अगदी काठावर एक ओसाड चॅपेल होतं. घुमटाचा रंग कधीच उडालेला, नुसता दगड. छप्पन सालच्या भूकंपानंतर ते घराणं दूर पिरेयस शहरात गेलं ते परत आलंच नाही. आजूबाजूला वेल नाहीत, घर नाही, फक्त खडक आणि खाली समुद्र.

“हा निळा केला तर?” ती म्हणाली. “इथे वळलात तर?”

त्यानं एक घिरटी घातली, वारा पाहिला, कडा पाहिला. “फोटो तर इथून जास्त चांगला येईल,” तो सावकाश म्हणाला. “कल्लिओपी, तुम्ही भांडता त्यापेक्षा विचार फार चांगला करता.”

“घरी मला पोपी म्हणतात,” ती म्हणाली, आणि आपण हे का सांगितलं म्हणून समुद्राकडे बघत बसली.

पाद्रीबाबांनी आनंदानं परवानगी दिली. फुकट रंग कुणाला नको असतो? रविवारी दोघांनी मिळून तो घुमट रंगवला. तो वर, ती खाली, मग ती वर, तो शिडी धरून. दुपारपर्यंत “तुम्ही” कुठेतरी गळून पडलं. नेमकं कुठे, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

“पोपी, शिडी हलते गं!”

“शिडी नाही, तू हलतोस. आकाशात उडतोस आणि सात पायऱ्यांना घाबरतोस?”

“आकाशात खालून बघणारं कुणी नसतं.”

सोमवारपासून सगळी हेलिकॉप्टरं दक्षिणेच्या टोकाला वळू लागली; कागदावरची ओळ तीच, घुमट तेवढा दुसरा. अंगणात शांतता झाली. द्राक्षं तपकिरी, मऊ, मधासारखी झाली. आत्यानं एक दातानं फोडून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “ठीक आहे.” आत्याच्या तोंडून ‘ठीक’ म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आरती. रस पिंपात गेला.

चौदा सप्टेंबरला क्रुसाचा सण. कल्लिओपीच्या घरच्या चॅपेलचा उत्सव, म्हणजे यजमान घरचेच. येईल त्याला जेवू घालायचं. अंगणात टेबलं लागली. पिवळ्या वाटाण्याचं फावा, कांदा, खारवलेला मासा, वाइनचे जग. अनेस्तिस आला, आणि पाहुण्यासारखा बसायचं सोडून कोपरापर्यंत बाह्या सारून थाळ्या वाढत फिरला. गावातल्या बायका पांढऱ्या घुमटाकडे बघायच्या, मग त्याच्याकडे, मग एकमेकींकडे.

“पोरा,” आत्या त्याला म्हणाली, “तुझं लग्न झालंय का?”

“आत्या!” कल्लिओपी ओरडली.

“अगं, थाळ्या चांगल्या वाढतो म्हणून विचारलं.”

त्या सणाला चर्चमध्ये तुळशीच्या डहाळ्या वाटतात. अनेस्तिसनं आपली डहाळी कानामागे खोचली होती. टेबलं आवरताना तो तिच्याजवळ आला, डहाळी काढली आणि तिच्या कानामागे खोचली. बोटं क्षणभर तिच्या केसांत राहिली. तुळशीचा वास आणि त्याच्या हातावरचा कांद्याचा वास, दोन्ही.

“पोपी... दहा ऑक्टोबरला मी हेलिकॉप्टर अथेन्सला घेऊन जाणार. हंगाम संपतो. या महिनाअखेर पुढच्या वर्षीचं सांगायचं असतं — इथे यायचं, की रोड्स बेटावर.” तो थांबला. “कुणी इथे ये म्हटलं, तर मी इथलं मागेन.”

आता सांगायचं. दोनच तर शब्द. इथे ये. पण सगळं गाव टेबलं आवरायचं सोडून त्या दोघांकडे बघत होतं, आणि कल्लिओपीच्या तोंडाला नेहमीसारखं कुलूप लागलं. ते उघडलं तेव्हा आतून भलतंच बाहेर आलं.

“रोड्स छान आहे म्हणतात.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. “हो,” तो म्हणाला. “म्हणतात.” त्यानं उरलेल्या थाळ्या आत नेऊन ठेवल्या, आत्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि निघाला.

तो परत आला नाही. आणि गंमत बघा, आता त्याचं हेलिकॉप्टरही वरून जात नव्हतं. तिनंच तर वळण हलवलं होतं. दिवसातून आठ वेळा दक्षिणेकडे एक बारीक घरघर ऐकू यायची आणि विरून जायची. जी शांतता मिळवण्यासाठी ती शिडी चढली, ती आता खायला उठली होती. वेलांची छाटणी लांब होती, पिंपाला हात लावायचा नव्हता. कल्लिओपी रिकामं अंगण झाडायची. झाडलेलं पुन्हा झाडायची.

“त्याला फोन कर,” आत्या म्हणाली.

“काय सांगू?”

“जे झाडूला सांगतेस तेच.”

पण सप्टेंबर संपला, आणि कल्लिओपी मूग गिळून बसली ती बसलीच. लाज नव्हती ती. भीती होती. न बोललेलं निदान मोडत तरी नाही, असं काहीतरी तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

नऊ ऑक्टोबरच्या सकाळी आत्या उठून बाहेर आली तर घुमटाला शिडी लागलेली.

“अगं, आता काय करतेस?”

“निळा.”

आत्यानं घुमटाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा शिडी धरली. “पुन्हा ब्रशच का?” ती पुटपुटली. “बरं. पण या वेळी तोंडही उघडायचं. नाहीतर शिडी काढून घेईन, बैस वरच.”

अकरा वाजता दक्षिणेकडे घरघर आली. कल्लिओपी घुमटाला टेकून उभी होती, हात कोपरापर्यंत निळे. घरघर विरली नाही. वाढली. हेलिकॉप्टर कड्याच्या रेषेवरून वर आलं, सरळ तिच्या दिशेनं, आणि निळ्या घुमटापाशी उजवीकडे वळलं. रिकाम्या अंगणातली राख उठली, आत्याच्या केसांत बसली, नुकत्याच धुतलेल्या चादरींवर बसली. कल्लिओपीनं ब्रश हलवला. एवढी राख तिला आयुष्यात कधी आवडली नव्हती.

तासाभरानं स्कूटर आली. तो चॅपेलच्या पायऱ्यांशी थांबला, वर बघत.

“घुमट निळा का केलास?”

आत्या खोकली.

“तू दिसत नव्हतास,” कल्लिओपी म्हणाली. आवाज कापत होता, पण या खेपेला तिनं तो थांबू दिला नाही. “इकडून जातच नव्हतास. मला तू इकडून जायला हवा होतास. रोज. आठही वेळा. मी त्या दिवशी खोटं बोलले. रोड्सचं मला काही माहीत नाही. मला... तू आवडतोस. रोड्सला जाऊ नकोस.”

अनेस्तिस पायरीवर बसला. दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि हसला, पण ते हसू अर्ध्यात अडकलं.

“पोपी, मी तीस तारखेला सही केली. रोड्सची. इथली जागा दुसऱ्याला दिली. आता बदलत नाहीत.”

ती त्याच्या शेजारी बसली. नऊ दिवस. नऊ दिवस आधी ती दोन शब्द बोलली असती तर. रडू आलं, आणि या वेळी तिनं धुळीचं नाव घेतलं नाही.

त्यानं तिचा निळा हात आपल्या हातात घेतला. त्याचाही निळा झाला.

“एकच हंगाम आहे,” तो म्हणाला. “मंगळवारी सुट्टी असते. रोड्सहून बोट येते, फार सावकाश येते म्हणतात, पण येते. आणि हिवाळ्यात हेलिकॉप्टरं उडत नाहीत. वेल कसे विणतात ते मला शिकवायला तुला वेळ असेल का?”

“टोपली नीट विणायला सात वर्षं लागतात.”

“मग रोड्सचं एक वर्ष त्यात काय मोठं?”

“आणि एप्रिलपासून बाकीची सगळी पुन्हा आमच्याच डोक्यावर वळणार ना रे?” आत्या अंगणातून केस झटकत म्हणाली.

“वळू देत,” कल्लिओपी म्हणाली. “ऑगस्टात द्राक्षं पसरली की मी पांढरा करीन. तोवर निळा.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना घुमटाभोवती दोन घिरट्या घातल्या, एक नियमाची आणि एक स्वतःची. कल्लिओपीनं तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवला, मग तळघरात गेली. तिथे पिंपावर खडूनं वर्ष लिहायची रीत होती, म्हणजे कधी उघडायचं ते कळतं. विन्सांतोला किमान दोन वर्षं. तिनं वर्ष लिहिलं, आणि त्याखाली अनेस्तिस.

संध्याकाळी आत्या कंदील घेऊन खाली आली. तिनं चष्मा लावून वाचलं.

“पिंपावर वर्ष लिहितात गं. माणसाचं नाव कुणी लिहितं का?”

“तो आल्याशिवाय उघडायचं नाही,” कल्लिओपी म्हणाली, “हे लक्षात राहावं म्हणून.”

आत्यानं खडू उचलला, पुसट उमटलेलं एक अक्षर गिरवून पक्कं केलं, आणि कंदील घेऊन वर गेली.